जुन्या व्यक्तिचित्राची हाताने रंगवलेली प्रत घ्यावी की कॅनव्हास प्रिंट?

प्रतच घ्या. मात्र चेहरा ‘जरा उजळ’ करून देतो म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. त्यापेक्षा प्रिंट बरा.

जेम्स वेल्सने काढलेलं सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांचं चित्र तुम्हाला दिवाणखान्यात लावायचंय. नागपुरात कुणी हाताने रंगवून देतं का, खर्च किती आणि एवढा खर्च करण्यात अर्थ आहे का, असं तुम्ही विचारलंय. मी हेच काम करते, आणि ‘अर्थ आहे का’ हा प्रश्न मला कॉलेजपासून ऐकवला गेलाय.

आपल्या नागपूरच्या महाल भागातल्या एका काकूंनी मला त्या चित्रातल्या एकट्या नानांची प्रत सांगितली होती. मूळ चित्र १७९२ चं, लंडनला रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे, त्यामुळे काम छायाचित्रावरूनच. वेल्स स्कॉटलंडचा. १७९१ साली मुंबईत आला, पुण्याचा रेसिडेंट, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा दरबारातला प्रतिनिधी, चार्ल्स मॅलेट याच्यामुळे त्याला दरबारात शिरकाव मिळाला आणि १७९५ मध्ये तो इकडेच वारला. एवढ्या थोड्या काळात त्याने जी माणसं बघून ठेवली, त्यांच्यामुळे उत्तर पेशवाईचे चेहरे आज आपल्याला ठाऊक आहेत.

नानांच्या चेहऱ्यापेक्षा अंगावरच्या पांढऱ्यानेच मला जास्त छळलं. वेल्सच्या काळी पांढरा म्हणजे शिशाचा सफेदा. तो किंचित उबदार असतो, आणि वर्षं जातात तसा थोडा पारदर्शक होतो, खालचा थर हळूच वर दिसू लागतो. आज ट्यूबमधून येतो तो टायटॅनियम व्हाइट, विसाव्या शतकातला. तो थंड आणि ठार अपारदर्शक. सरळ लावला तर नानांचा अंगरखा नीळ दिलेल्या चादरीसारखा दिसतो. सफेदा विषारी, घरात मुलं आहेत, म्हणून मी तो वापरत नाही. आधी सगळा अंगरखा करड्या रंगात उभा केला, तो पुरता वाळू दिला, मग टायटॅनियममध्ये कणभर रॉ अंबर आणि यलो ऑकर (मातकट तपकिरी आणि मातकट पिवळा) घालून पातळ थर चढवले. चुण्यांच्या खोलात वरून काहीच लावलं नाही. तिथे दिसते ती खालची करडी सावली, आणि तीच मलमल वाटते. प्रिंटमध्ये हे होत नाही, कारण तिथे शाईचा एकच थर असतो. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हेच आहे.

चेहरा झाला तेव्हा काकूंचा पुतण्या बघायला आला. म्हणाला, “ताई, नाना एवढे काळपट आणि सुकलेले काऊन? थोडे उजळ करून द्या ना जी. गालही भरा जरा.” मी सांगितलं, वेल्ससमोर नाना स्वतः बसले होते, बसलेली गालफडं आणि लांब नाक त्याने पाहून काढलंय. तो ऐकेना. शेवटी काकूच म्हणाल्या, “नाना होते तसेच राहू दे.” मला त्या बाईंबद्दल आजही आदर आहे.

चित्र लागलं त्या दिवशी त्यांच्याकडे माझे कॉलेजचे एक सर आले होते. बराच वेळ बघून म्हणाले, “हात छान आहे. पण यात तुझं काय?” तिसऱ्या वर्षाला असताना त्यांनी वर्गासमोर हेच म्हटलं होतं, प्रती करणारा तो कारकून. मोठ्यांसमोर वाद नको म्हणून तेव्हा गप्प राहिले, इथे लिहिते. इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जचं राज्याभिषेकाचं चित्र ॲलन रॅमसेने काढलं आणि मग त्याच्या स्टुडिओतून त्याच्या शंभरावर प्रती निघाल्या, वसाहतींच्या गव्हर्नरांकडे आणि राजदूतांकडे गेल्या. राजाचा चेहरा जगाने प्रतींमधूनच पाहिला. मॅलेट हजर होता त्या १७९० च्या पेशवे दरबाराचं जे भव्य चित्र लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे, ते १८०५ साली थॉमस डॅनियल या इंग्रज चित्रकाराने रंगवलं. तो त्या दरबारात नव्हता. त्याने ते वेल्सच्या रेखाटनांवरून केलं. मग डॅनियलला कारकून म्हणायचं का, सर?

आता तुमच्या कामाचं. खर्च आकारावर आणि चेहरे किती, हात किती यावर ठरतो. त्या काळीही इंग्रज चित्रकार आकारानुसारच दर लावत. छाती-खांद्यापर्यंतचं चित्र साधारण ३० बाय २५ इंच, अर्धाकृती ५० बाय ४०. अख्खा दरबार नको असेल तर फक्त नाना किंवा फक्त पेशवे घ्या, पैसे निम्म्याहून खाली येतील. प्रिंटवर पारदर्शक जेलचे फटकारे मारून ‘हँडमेड’ म्हणून विकणारे आपल्या गावातही आहेत. मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरपा धरा. फटकारे गालाच्या, नाकाच्या आकाराबरोबर वळत नसतील तर उठून या.

सांगायचं राहिलंच, छायाचित्र धूसर असेल तर माझ्यासकट कुणीही चांगली प्रत करू शकत नाही. रॉयल एशियाटिक सोसायटीकडून मोठं छायाचित्र रीतसर मागवा. घाई असेल तर तैलरंगाच्या नादी लागू नका. शेवटचं व्हार्निश सहा महिने तरी थांबून लावायचं असतं. आणि चित्र कूलरसमोर टांगू नका. मे महिन्यात इथली कोरडी हवा आणि कूलरचा ओलावा यांत कॅनव्हास आळीपाळीने ताणतो आणि ढिला पडतो, मग रंगाला तडे जातात.

प्रतीचा आकार मूळ चित्रापेक्षा थोडा वेगळा ठेवायला सांगा, म्हणजे पुढेमागे कुणी ती अस्सल म्हणून विकणार नाही. पुढच्या बाजूला वेल्सची सही नको. मागे स्पष्ट लिहून घ्या: जेम्स वेल्सच्या चित्रावरून, अमुक साली, आणि खाली रंगवणाऱ्याचं पूर्ण नाव. ते नाव लिहू न देणाऱ्या गिऱ्हाइकाचं काम मी घेत नाही.