तापानंतर उरलेले दुखणे मोजायचे कसे?

वाचकांचे प्रश्न : सार्वजनिक आरोग्य

प्रश्न : सप्रेम नमस्कार. पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या वसाहतीत घरोघरी ताप होता. काहींची चिकुनगुनियाची तपासणी पॉझिटिव्ह आली, बऱ्याच जणांनी तपासणी केलीच नाही. ताप उतरला, पण सांधे अजून धरलेले आहेत, अशी तक्रार अनेक जण करतात. मी वसाहतीच्या व्हॉट्सॲप गटावर एक फॉर्म पाठवला. तो भरणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी ‘अजून दुखते’ असे लिहिले. हा आकडा घेऊन महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे जावे असे आमच्या मंडळाचे म्हणणे आहे. माझा मुलगा मात्र म्हणतो की या आकड्याला काही अर्थ नाही. आपले मत काय?
— एक निवृत्त शिक्षिका, सिडको, नाशिक

उत्तर : आपल्या चिरंजीवांचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. फॉर्म भरणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना दुखते, ही माहिती खरी आहे. मात्र तिच्यावरून ‘ताप आलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना दुखते’ असे म्हणता येत नाही, आणि ‘त्या तापामुळेच दुखते’ हे तर त्याच्याही पुढचे विधान झाले.

पहिली अडचण फॉर्म कोणी भरला याची आहे. ज्याची बोटे सकाळी आखडतात तो असा फॉर्म आवर्जून उघडतो. जो बरा होऊन सातपूरला किंवा अंबडला कामावर रुजू झाला, त्याच्या तो लक्षातही राहत नाही. उलट ज्या आजींकडे मोबाइल नाही, त्यांचे दुखणे घरातल्या कोणी लिहिले तरच आपल्यापर्यंत पोहोचणार. म्हणून आधी वसाहतीतील सर्व घरांची यादी करावी. सगळीकडे जाणे झेपणारे नसेल तर चिठ्ठ्या टाकून काही घरे निवडावीत, आणि निवडलेल्या घराला कुलूप दिसले तर शेजारच्या घरावर भागवू नये. त्याच घरी पुन्हा, गरज पडल्यास तिसऱ्यांदाही जावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण मोजणीचा खरेपणा बहुतांशी इथेच ठरतो.

दुसरी अडचण मला अधिक महत्त्वाची वाटते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ताप आलेल्या माणसाला आपण तीन महिन्यांनी विचारायला जातो, तेव्हा नाशिकमध्ये थंडी पडलेली असते आणि निफाडचा पारा रोज बातम्यांत येत असतो. त्या दिवसांत ज्यांना पावसाळ्यात तापाची कणकणही आली नव्हती, अशा साठीच्या पुढच्या कितीतरी लोकांचे गुडघे सकाळी आखडलेले असतात. मग ताप येऊन गेलेल्या माणसाच्या गुडघेदुखीतला किती भाग विषाणूचा, किती वयाचा आणि किती थंडीचा? एका माणसाकडे पाहून हे बहुधा सांगता येत नाही. लोकसमूहाच्या बाबतीत मात्र सांगता येते. त्यासाठी ताप न आलेल्या, पण त्याच वयाच्या स्त्री-पुरुषांना त्याच आठवड्यात, तेच प्रश्न, त्याच शब्दांत विचारावे लागतात. दोन गटांतील फरक हा आपला खरा आकडा.

हे प्रत्यक्षात कसे करता येते याचे एक उदाहरण चिकुनगुनियाचेच आहे. हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर २००५-०६ मध्ये या आजाराची साथ आली आणि तिथल्या सुमारे एक तृतीयांश लोकसंख्येला संसर्ग झाला. भारतातही २००६ मध्ये तो पसरला. आपल्या जिल्ह्यातील मालेगावात तेव्हा मोठी साथ होती आणि देशभरात त्या वर्षी तेरा लाखांहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली. रियुनियनमधील संशोधकांनी रुग्णालयातल्या रुग्णांपासून सुरुवात केली नाही. साथीनंतर सर्वसामान्य लोकांच्या रक्तातील प्रतिपिंडे (म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण) तपासली गेली होती. त्यांतून संसर्ग झालेले आणि न झालेले असे दोन्ही प्रकारचे मिळून सुमारे अकराशे लोक घेऊन त्यांना दूरध्वनीवरून प्रश्न विचारले. संसर्गाला सरासरी दोन वर्षे उलटल्यानंतर बाधितांपैकी ४३ टक्के लोकांनी सांधे-स्नायूंच्या वेदना असल्याचे सांगितले. ज्यांना संसर्ग झालाच नव्हता त्यांच्यातही हे प्रमाण १७ टक्के निघाले. पहिला आकडा एकटा सांगितला असता तर विषाणूच्या माथी अधिकचे दुखणे मारले गेले असते. वजाबाकीनंतरही २६ टक्क्यांचा फरक उरतो, आणि तो फार मोठा आहे. तेव्हा तुलना केली की दुखणे नाकारले जाते, ही भीती बाळगण्याचे कारण नाही; या उदाहरणात तर तुलनेमुळेच ते ठामपणे मांडता आले.

त्या अभ्यासात कोण कोणत्या गटात जाणार हे रक्ताने ठरवले, आठवणीने नव्हे, हेही लक्षात घ्यावे. आपल्याकडे डेंगी आणि चिकुनगुनिया हे दोन्ही ताप एडिस डासामुळे, एकाच मोसमात आणि कधी कधी एकाच गल्लीत पसरतात. तपासणी न केलेला माणूस आपल्याला काय झाले होते याविषयी शेजाऱ्याच्या अहवालावरून अंदाज बांधतो. म्हणून आपण तीन गट वेगळे ठेवावेत : तपासणीत चिकुनगुनिया सिद्ध झालेले, ताप आला पण तपासणी न झालेले, आणि ताप न आलेले. तिसऱ्या गटातही लक्षणांशिवाय संसर्ग होऊन गेलेले काही जण असतील आणि त्यांच्यामुळे फरक प्रत्यक्षापेक्षा थोडा कमी दिसेल. ही मर्यादा अहवालात स्पष्ट लिहावी.

प्रश्नांच्या शब्दरचनेवर थोडा वेळ खर्च करावा, असे मी आग्रहाने सुचवीन. ‘अजून दुखते का?’ या प्रश्नाला अर्धे नाशिक होकार देईल. सकाळी उठल्यावर मूठ पूर्ण वळते का, पाण्याने भरलेला तांब्या एका हाताने उचलता येतो का, पोळ्या लाटताना मध्येच थांबावे लागते का, गेल्या सात दिवसांत दुखण्यामुळे किती दिवस काम बुडाले, असे विचारले तर उत्तरांची तुलना करता येते. पावसाळ्यापूर्वी हेच काम जमत होते का, हा प्रश्न प्रत्येकाला विचारलाच पाहिजे. ‘थकवा’ आणि ‘अशक्तपणा’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत; वसाहतीतील लोक ज्या अर्थाने ते बोलतात, तो अर्थ आधी पाच-सहा घरी विचारून पाहावा.

आता संख्येविषयी. समजा दोन्ही गटांत शंभर-शंभर माणसे मिळाली आणि त्रास असलेल्यांचे प्रमाण एकात २० टक्के व दुसऱ्यात १० टक्के आले. फरक १० टक्क्यांचा दिसतो, पण एवढ्या लहान नमुन्यात खरा फरक जवळपास शून्यापासून सुमारे २० टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो. एका वसाहतीच्या बळावर नक्की आकडा हाती येणे अवघड असते, त्याचे कारण हे आहे. तरीही आपल्या मंडळाने महापालिकेकडे जरूर जावे, असे माझे मत आहे. मात्र ‘निम्म्याहून अधिक लोक आजारी आहेत’ असा दावा घेऊन जाण्याऐवजी, तपासणीत सिद्ध झालेल्या रुग्णांकडे तीन आणि सहा महिन्यांनी पुन्हा जाऊन त्यांची व तुलनेच्या गटाची मोजणी करावी, अशी मागणी घेऊन जावे. साथरोगांचे सर्वेक्षण मुख्यतः नवे रुग्ण आणि मृत्यू टिपण्यासाठी उभे केलेले असते. त्यानंतरचे महिने त्यात सहसा येत नाहीत. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच शहरात आहे, आणि वैद्यकीय महाविद्यालयांतील सामुदायिक वैद्यकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना असे काम शिकवलेच जाते.

प्रश्न : कोविडनंतर रेंगाळणाऱ्या त्रासाचे प्रमाण कुठे ३ टक्के, कुठे ५ टक्के, तर कुठे १२ टक्के वाचायला मिळते. यांतले खरे कोणते?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : आपण दिलेले तिन्ही आकडे जवळजवळ तसेच एकाच पाहणीतून निघालेले आहेत. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये त्यांच्या संसर्ग-पाहणीतील माहिती तीन रीतींनी मोजली. ठरावीक १२ लक्षणांपैकी एखादे तरी लक्षण संसर्गानंतर १२ ते १६ आठवड्यांनी असलेले लोक ५.० टक्के होते. तुलनेच्या गटात ३.४ टक्के. लक्षण १२ आठवडे सलग राहिले पाहिजे अशी अट घातल्यावर बाधितांत ३.० टक्के आणि तुलनेच्या गटात ०.५ टक्के उरले. ‘तुम्हाला लाँग कोविड आहे असे वाटते का?’ असे थेट विचारल्यावर मात्र ११.७ टक्के लोकांनी होकार दिला. यांतला एकही आकडा खोटा नाही. सलगपणाची अट घातली की चार दिवस बरे आणि चार दिवस वाईट अशा चढउताराचे रुग्ण गळतात. थेट प्रश्नात यादीबाहेरची लक्षणेही सामावतात, पण त्याला तुलनेचा गट नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये केलेली व्याख्या अशी आहे : लक्षणे साधारणपणे संसर्गापासून तीन महिन्यांच्या सुमारास असावीत, किमान दोन महिने टिकलेली असावीत आणि दुसऱ्या कोणत्या निदानाने त्यांचा उलगडा होत नसावा. यांतील शेवटची अट डॉक्टरांसमोर बसलेल्या रुग्णाला लावता येते. हजारो लोकांच्या प्रश्नावलीत ती तपासणे जवळपास अशक्य असते.

या प्रश्नावर मला सर्वांत भरवशाची वाटलेली पाहणी नेदरलँड्समधील आहे. तिथे ७६ हजारांहून अधिक लोकांनी मार्च २०२० पासून ऑगस्ट २०२१ पर्यंत २४ फेऱ्यांत प्रश्नावल्या भरल्या. त्यामुळे ज्यांना पुढे कोविड झाला त्यांची संसर्गापूर्वीची अवस्था त्यांच्याच शब्दांत आधीच नोंदलेली होती. ९० ते १५० दिवसांनी २१.४ टक्के बाधितांत मुख्य लक्षणांपैकी निदान एक लक्षण मध्यम किंवा त्याहून अधिक तीव्रतेपर्यंत वाढलेले आढळले. वय आणि लिंग जुळणाऱ्या अबाधितांत हेच प्रमाण ८.७ टक्के होते. फरक १२.७ टक्के, म्हणजे साधारण आठांतील एक. पुढच्या वेळी असा आकडा वाचनात आला, तर लक्षणे कोणती धरली, किती दिवसांनी विचारले आणि तुलनेला कोण होते, एवढे त्या मजकुरात शोधावे.

प्रश्न : माझी द्राक्षबाग आहे. पावसाळ्यात ताप येऊन गेलेल्या दोघी मजूर बायकांना घडांच्या विरळणीच्या वेळी कात्री धरवत नव्हती. अशा पाहण्यांत या बायका मोजल्या जातात का?
— एक बागायतदार, दिंडोरी तालुका

उत्तर : बहुधा नाही, आणि ही या मोजणीतली मोठी उणीव आहे. पेठ-सुरगाण्याहून हंगामापुरत्या आलेल्या बायका शहरातील वसाहतीच्या यादीत नसतात. तीन महिन्यांनी त्यांच्या गावी जावे, तर त्या बागेत असतात. जिचे हात चालत नाहीत ती कामावर येतच नाही, त्यामुळे केवळ बागेत मोजणी केली तर तिथे दिसणाऱ्या बायका तुलनेने बऱ्या असलेल्याच असणार. त्यांची नोंद व्हायची असेल तर तापाच्या वेळीच मूळ गाव, पाडा आणि हंगामात जिथे काम करतात ते गाव, अशा दोन्ही ठिकाणांचा पत्ता लिहून घ्यावा लागेल, आणि पाठपुरावा आशाताईंमार्फत दोन्हीकडे करावा लागेल. आपल्याकडे मजुरीची वही असेलच. ताप येण्याआधीचे आणि नंतरचे त्यांचे हजेरीचे दिवस तिच्यातून काढता येतील. त्याच टोळीतील ताप न आलेल्या बायकांचे दिवसही शेजारी मांडावेत. त्या दोघींना मात्र कोणत्याही मोजणीची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. तीन महिन्यांनंतरही सांध्यांना सूज असेल, तर ती वेदनाशामक गोळीवर काढण्याची बाब नव्हे. तिची तपासणी व्हायला हवी.