प्राध्यापकांच्या संशोधन-कामगिरीच्या यादीवरून पीएचडीचा गाइड निवडावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वनस्पतिशास्त्रात एमएस्सी झाली आहे, पीएचडीसाठी गाइड शोधताना विद्यापीठांनी प्रसिद्ध केलेल्या प्राध्यापकांच्या ‘अलीकडील संशोधन व व्यावसायिक कामगिरी’च्या याद्या तुम्ही वाचत आहात, एका सरांच्या नावावर ६० शोधनिबंध आणि ४ पेटंटे आहेत, दुसऱ्या मॅडमच्या नावावर १४ निबंध आणि वनस्पतीच्या एका नव्या जातीचा शोध आहे, तर कोणाकडे जावे?

केवळ या दोन ओळींवरून ठरवायचे झाले तर मी मॅडमकडे जाईन. मात्र असे केवळ दोन ओळींवरून ठरवू नये, आणि का ठरवू नये हे सांगण्यापुरता अनुभव माझ्या गाठीशी आहे. मी २७ वर्षे एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले आणि शेवटची काही वर्षे इतर महाविद्यालयांतील पदोन्नतीच्या समित्यांवर विषयतज्ज्ञ म्हणून बसलो. त्यामुळे असल्या याद्या मी स्वतःसाठी तयारही केल्या आहेत आणि दुसऱ्यांच्या तपासल्याही आहेत.

या याद्या इतक्या लांबलचक का झाल्या, हे आधी समजून घ्यावे लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने पदोन्नतीसाठी शैक्षणिक कामगिरीचे गुण मोजण्याची पद्धत आणली. आमच्या स्टाफरूममध्ये तिला सगळे ‘एपीआय’ म्हणत. २०१८ च्या नियमावलीत तिचे रूप बदलले, पण हिशेब राहिलाच: विज्ञान शाखेत समीक्षित नियतकालिकातील एका निबंधाला ८ गुण, भाषा आणि मानव्यविद्यांत १०. लेखक दोन असतील तर प्रत्येकाला ७० टक्के, दोनांहून अधिक असतील तर मुख्य लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३० टक्के. गुण लागले की मोजदाद सुरू होते आणि मोजदाद सुरू झाली की यादी फुगवणेही सुरू होते. त्यातच महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ची समिती यायची असली की प्राचार्यांच्या कार्यालयातून ‘मागील पाच वर्षांची माहिती सायंकाळपर्यंत द्यावी’ असे पत्रक फिरते, आणि ज्याने जे काही केले असेल ते, कार्यशाळेतील आभारप्रदर्शनासह, त्या तक्त्यात जाऊन बसते. तुम्ही वाचता ती ‘कामगिरी’ पुष्कळदा अशा घाईत भरलेल्या तक्त्याचीच देखणी आवृत्ती असते.

आता निबंधांच्या संख्येविषयी. पुण्यातील संशोधक भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ च्या मार्च महिन्यात ‘करंट सायन्स’ या विज्ञान-नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. आयोगाच्या तेव्हाच्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांच्या शिफारशीवरून आलेल्या नियतकालिकांपैकी १,००९ त्यांनी तपासली. त्यातील ३४.५ टक्के नियतकालिके पहिल्याच चाळणीत बाद झाली, कारण पत्ता, संकेतस्थळ, संपादकांची नावे ही मूलभूत माहितीच चुकीची होती किंवा मिळत नव्हती, आणखी ५२.३ टक्क्यांनी खोटा आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळखक्रमांक), खोटा इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातील निबंध सरासरी किती उद्धृत होतात तो आकडा) असले दावे केलेले होते किंवा त्यांचे संपादकच यथातथा होते. एकंदर ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके कमी दर्जाची असावीत असा निष्कर्ष निघाला. ही नावे यादीत कोणी परकी मंडळींनी घुसडलेली नव्हती, आपल्याच विद्यापीठांनी सुचविलेली होती, हे विसरू नये. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकली. पुढे दर्जेदार नियतकालिकांची आयोगाची ‘केअर’ यादी आली आणि तिचे विश्लेषणाचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडे होते. २०२५ च्या फेब्रुवारीत ती यादीही आयोगाने बंद केली आणि दर्जा ठरविण्याची जबाबदारी त्या त्या संस्थेवर सोपविली. म्हणजे आज ‘केअर-लिस्टेड’ हा शिक्का जुन्या निबंधांवर दिसेल, नव्यांवर नाही, आणि नव्या निबंधांची पारख तुम्हालाच करावी लागेल.

इथे माझी एक गोष्ट कबूल करतो. २०१२ च्या सुमारास पदोन्नतीला थोडे गुण कमी पडत होते. एका नियतकालिकाकडून ईमेल आला, मी निबंध पाठविला, तिसऱ्या दिवशी ‘स्वीकारला’ असे उत्तर आले आणि सोबत बँक खात्याचा क्रमांक. मी २,५०० रुपये भरले. समीक्षकाचे एक वाक्यही आले नाही. माझ्या निबंधात एका जातीचे नाव दोन ठिकाणी दोन प्रकारे लिहिले गेले होते, तेही तसेच छापले गेले. गुण मिळाले, पदोन्नती झाली. आज ते संकेतस्थळ उघडत नाही आणि माझ्याकडची छापील प्रत सोडली तर तो निबंध जगात कुठेही नाही. माझ्या यादीत मात्र तो अनेक वर्षे क्रमांक ११ वर सुखाने नांदत होता.

म्हणून ६० हा आकडा पाहून दबून जाऊ नका. त्या सरांचे शेवटचे पाच निबंध उघडा. पहिला किंवा पत्रव्यवहाराचा लेखक कोण आहे, लेखकांत त्यांचे विद्यार्थी आहेत का, निबंध पाठविल्याची आणि स्वीकारल्याची तारीख यांत किती अंतर आहे, हे पाहा. चार दिवसांत समीक्षा होत नसते.

मॅडमच्या ‘एका नव्या जाती’विषयी मला जास्त बोलायचे आहे, कारण यादीत ती एका ओळीत मावते आणि तिच्यामागचे काम बाहेरच्या माणसाला दिसत नाही. उदाहरण म्हणून कंदीलपुष्प घ्या, आपली खर्चुडी. रुईच्या कुळातील ही नाजूक वेल पावसाळ्यात कंदातून वर येते. फुलाची नळी आतून खाली वळलेल्या केसांनी भरलेली असते. वासाने आलेल्या चिलटासारख्या माश्या आत घसरतात आणि त्या केसांमुळे त्यांना वर चढता येत नाही. पुढे केस कोमेजले की माशी परागपुंज घेऊन सुटते. जातीजातींतला फरक या फुलाच्या पाकळ्यांच्या टोकांत, नळीच्या फुगवट्यात आणि आतल्या मुकुटाच्या रचनेत असतो. फूल नसेल तर वेल ओळखणे फार अवघड, म्हणजे वर्षातले जेमतेम काही आठवडे हाती असतात आणि ते नेमके धो धो पावसाचे असतात. पाऊस चुकला की वर्ष चुकले.

कोल्हापूरच्या न्यू कॉलेजमधील संशोधकांनी विशाळगड परिसरात सापडलेल्या अशाच एका कंदीलपुष्पाला अलीकडे छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव दिले, ‘सेरोपेजिया शिवरायियाना’, आणि त्याचे वर्णन न्यूझीलंडहून निघणाऱ्या ‘फायटोटॅक्सा’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शिवाजी विद्यापीठाचे ज्येष्ठ वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. एस. आर. यादव यांनी या गटातील वनस्पतींवर आणि त्यांच्या संवर्धनावर आयुष्यभर काम केले आहे. बातमीत महाराजांचे नाव येते, फोटो येतो आणि लोकांना वाटते की गडावर गेले, वेल दिसली, नाव दिले. प्रत्यक्षात ती वेल नवी आहे हे म्हणण्यासाठी तिच्याशी मिळत्याजुळत्या प्रत्येक जातीचे मूळ वर्णन आणि मूळ नमुने पाहावे लागतात, आणि ते पुण्यापासून लंडनपर्यंतच्या वनस्पतिसंग्रहांत विखुरलेले असतात. त्यानंतर एक नमुना ‘होलोटाइप’, म्हणजे त्या नावाचा मूळ आधार-नमुना, म्हणून ठरवावा लागतो. १९५८ पासून असा नमुना नोंदल्याशिवाय नव्या जातीचे नाव ग्राह्यच धरले जात नाही, आणि १९९० पासून तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे हेही लिहावे लागते. २०१२ च्या आरंभापर्यंत वर्णन लॅटिनमध्येच लिहिणे बंधनकारक होते. आमच्या पिढीतील कित्येकांनी शाळेत संस्कृत सोडले ते सोडले, पण चार ओळी लॅटिन मात्र घोकून शिकावे लागले.

याचा तुमच्या निवडीशी संबंध असा की, मॅडमच्या निबंधात त्या संग्रहाचे नाव आणि नमुन्याचा क्रमांक छापलेला असेल. तो क्रमांक घेऊन तुम्ही त्या संग्रहात जा, कपाट उघडून घ्या, आणि कागदावर टाचलेली ती वेल, खालच्या कोपऱ्यातील लेबल, ठिकाण, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव, हे सगळे डोळ्यांनी पाहा. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाचा संग्रह आहे, आघारकर संशोधन संस्थेचा आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचा आहे. माझा क्रमांक ११ चा निबंध नाहीसा झाला, पण १९९६ साली मी गोळा करून दिलेला एक साधा गवताचा नमुना अजून कपाटात आहे आणि दोन संशोधकांनी तो पाहून त्यावर पेन्सिलीने स्वतःची नोंद केली आहे. त्यातील एकाने माझी ओळख चुकीची ठरविली, आणि ते बरोबर होते.

पेटंटांचे थोडक्यात सांगतो. आपल्याकडे पेटंटचा अर्ज केल्यावर साधारण १८ महिन्यांनी तो आपोआप प्रसिद्ध होतो, आणि वेगळा अर्ज करून शुल्क भरले तर त्याहून खूप लवकर. या टप्प्यावर त्याचे परीक्षण झालेलेच नसते. परीक्षणासाठी पुन्हा वेगळी विनंती करावी लागते. म्हणून ‘पेटंट प्रसिद्ध’ आणि ‘पेटंट मंजूर’ यांत साखरपुडा आणि लग्न यांच्याइतके अंतर आहे. २०२१ पासून शिक्षणसंस्थांना शुल्कात ८० टक्के सवलत मिळाल्याने अर्ज करणे स्वस्त झाले, ही चांगली गोष्ट. पण यादीत दोन्ही ‘पेटंट’ म्हणूनच लिहिले जातात. आणखी एक प्रकार म्हणजे ब्रिटनमधील डिझाइनची नोंदणी. तिथे डिझाइन नवे आहे की नाही याची तपासणी न करताच नोंद होते, आणि इकडे तिला ‘आंतरराष्ट्रीय पेटंट’ म्हणून मिरविले जाते. त्या सरांच्या चारही पेटंटांचे अर्ज क्रमांक मागा आणि पेटंट कार्यालयाच्या शोधसुविधेत स्थिती पाहा. पाच मिनिटांचे काम आहे.

‘स्टॅनफोर्डच्या यादीत जगातील पहिल्या दोन टक्क्यांत’ ही दर सप्टेंबरातील बातमी तुम्ही वाचली असेलच. ती यादी तिथले संशोधक जॉन आयोनिडिस यांच्या गटाने उद्धरणांच्या, म्हणजे इतरांनी निबंधाचा किती वेळा उल्लेख केला त्या, आकड्यांवरून काढलेली असते. कोणी कोणाची निवड करून सन्मान केलेला नसतो, आणि एका वर्षाची यादी वेगळी व संपूर्ण कारकिर्दीची वेगळी असते. ती निरर्थक नाही, परंतु तिचा अर्थ त्या विषयात किती माणसे लिहितात यावर फार अवलंबून असतो. एच-इंडेक्स, म्हणजे निबंधांची संख्या आणि त्यांची उद्धरणे यांवरून काढलेला आकडा, त्याचेही तेच. नॅनोपदार्थांवर काम करणाऱ्याचा निबंध वर्षभरात शंभर वेळा उद्धृत होऊ शकतो. सह्याद्रीतील एका गवताचे वर्णन वर्षाला दोनदा वाचले जाते, पण पन्नास वर्षांनीही वाचले जाते. विज्ञान अकादमींची फेलोशिप मात्र वजनदार समजावी, कारण तिथे त्याच क्षेत्रातील माणसे निवडून देतात. शुल्क भरून मिळणारे ‘बेस्ट टीचर’ पुरस्कार सोडून द्या.

आता यादीत कधीच न येणाऱ्या गोष्टी, ज्या गाइड निवडताना खरोखर लागतात. आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ संशोधक घेता येतात, आणि निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या व्यक्तीला नवा विद्यार्थी घेता येत नाही. तेव्हा जागा आहे का हे आधी विचारा. नंतर ‘शोधगंगा’ हे पीएचडी प्रबंधांचे संकेतस्थळ उघडा. तिथे गाइडच्या नावाने शोधले की त्यांच्या हाताखाली पूर्ण झालेले प्रबंध सापडतात. दोन प्रबंधांची प्रस्तावना आणि ‘पद्धती’ हे प्रकरण वाचा. दोन वेगवेगळ्या विद्यार्थ्यांच्या प्रस्तावनेतील परिच्छेद जुळत असतील तर पुढे वाचायची गरज नाही. आणि त्यांचा एखादा विद्यार्थी गाठून विचारा की, प्रकरणाचा मसुदा दिल्यावर तो लाल शाईने भरून किती दिवसांत परत आला, की मुळात परतच आला नाही.

मॅडमकडे भेटीला जायचे ठरले तर जुलै किंवा ऑगस्टमध्ये जा. त्या दिवसांत गोळा केलेल्या वनस्पती प्रेसमध्ये दाबलेल्या असतात आणि हवा दमट असल्याने त्यांमधले टीपकागद रोज बदलावे लागतात, नाहीतर नमुना काळा पडतो आणि बुरशी धरते. त्या वेळी टेबलापाशी फक्त विद्यार्थीच कागद बदलत बसले आहेत की मॅडमही बाह्या सरसावून त्यांच्यात बसल्या आहेत, ते बघून या.