नावं आठवत नाहीत? कोड्यांच्या आधी कान तपासून घ्या

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय ६७, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, ओळखीच्या माणसांची नावं ऐन वेळी सुचत नाहीत, आतल्या खोलीत गेल्यावर कशाला आलो तेच आठवत नाही. रोज तासभर सुडोकू सोडवूनही फरक नाही, तेव्हा आता स्मरणशक्तीच्या गोळ्या सुरू कराव्यात का, असं तुम्ही विचारलंय. आणि जाता जाता एक वाक्य लिहिलंय, 'घरचे म्हणतात टीव्हीचा आवाज फार मोठा असतो.' मी त्या वाक्यावर थांबले.

मी डॉक्टर नाही. वय ७१. आईचा स्मृतिभ्रंश आठ वर्षं अगदी जवळून पाहिला, आणि त्या धसक्यापायी थोरल्या भावाच्या बाबतीत आम्ही घरच्यांनी मोठी चूक केली. ती तुमच्या घरी होऊ नये म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी नावांचं. नाव अडणं हे वयाबरोबर जवळजवळ सगळ्यांना होतं. 'सुतार' हा धंदा म्हणून लक्षात राहतो, कारण त्याला करवत, लाकूड, भुसा असं बरंच काही चिकटलेलं असतं. तोच शब्द आडनाव म्हणून आला की त्याला लटकायला काहीच नसतं, म्हणून निसटतो. मेंदूचा वेग साठीनंतर कमी होतो हे खरं, पण शब्दसंग्रह आणि अनुभवातून आलेली समज बराच काळ टिकते. अर्ध्या तासाने नाव आपोआप आठवत असेल तर ते आत शाबूत आहे, बाहेर यायला वेळ लागतोय, एवढंच. काळजी करायची ती वेगळ्या गोष्टींची: तोच प्रश्न दहा मिनिटांत पुन्हा विचारणं आणि आधी विचारला होता याचाच पत्ता नसणं, रोजच्या रस्त्यावर चुकणं, वर्षानुवर्षं सांभाळलेला हिशेब अचानक न जमणं. आईच्या बाबतीत हे आम्हाला दिसत होतं, तिला स्वतःला नाही. तुम्ही तुमचा विसराळूपणा इतका नीट टिपून लिहिलाय, हे त्या मानाने चांगलं लक्षण आहे. तरी तपासणी चुकवू नका.

आता दादांची गोष्ट. तेव्हा ते ७४ वर्षांचे होते. वहिनींचा फोन आला, 'आईंसारखंच सुरू झालंय हो. काल सांगितलेलं आज आठवत नाही, विचारतो एक आणि उत्तर भलतंच.' मी चार दिवस राहायला गेले. तिसऱ्या संध्याकाळी आम्ही सहाजण गप्पा मारत बसलो होतो. पुतणीने सांगितलं की तिच्या नव्या घराचा ताबा १५ ऐवजी १८ तारखेला मिळणार. दादांनी मान डोलावली. मी बरोबर त्यांच्या समोर होते म्हणून दिसलं: ते बोलणाऱ्याकडे बघतच नव्हते. आधी कोण हसतंय ते बघायचे आणि क्षणभराने स्वतः हसायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी तारीख विचारली, ती त्यांना सांगता आली नाही. वहिनींचे डोळे भरले.

मग मी पंखा बंद केला, त्यांच्यासमोर खुर्ची ओढली आणि न ओरडता, सावकाश, तोंडाकडे तोंड करून पाच गोष्टी सांगितल्या. दुपारी विचारल्या. पाचही सांगितल्या, क्रमासकट. म्हणजे ते विसरत नव्हतेच. त्यांच्यापर्यंत काही पोहोचतच नव्हतं.

कानाची तपासणी केली तेव्हा ऑडिओग्रामवरची (कोणत्या पट्टीतला आवाज किती ऐकू येतो, त्या आलेखावरची) रेघ कागदाच्या डाव्या बाजूला, खालच्या पट्टीच्या आवाजांत, बरी होती आणि उजव्या बाजूला, वरच्या पट्टीच्या आवाजांत, घसरगुंडीसारखी खाली गेलेली. वयाने येणारं कमी ऐकू येणं बहुधा असंच असतं. अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीतले, ते ऐकू येतात. स, श, फ, थ हे बारीक आवाज वरच्या पट्टीतले, ते गळतात. म्हणून माणूस म्हणतो, 'आवाज येतो पण शब्द कळत नाही.' म्हणूनच टीव्हीचा आवाज वाढवून फारसा उपयोग होत नाही, नुसता गोंगाट वाढतो. अर्धेमुर्धे शब्द जुळवण्यातच मेंदूची शक्ती खर्ची पडते, मग ऐकलेलं साठवायला काय उरणार? आणि काही दिवसांनी माणूस गप्पांतूनच अंग काढून घेतो. हे शेवटचं मला सगळ्यात घातक वाटतं.

संशोधन काय सांगतं तेही जसं आहे तसं सांगते. अमेरिकेतल्या 'अचीव्ह' चाचणीचे निष्कर्ष २०२३ साली आले. ७० ते ८४ वयाचे ९७७ लोक, तीन वर्षं. निम्म्यांना श्रवणयंत्रं आणि ती वापरण्याचं मार्गदर्शन दिलं होतं. सगळ्यांचा एकत्र हिशेब केल्यावर विचारशक्तीत फरक दिसला नाही. पण वय आणि इतर आजारांमुळे ज्यांचा धोका मुळातच जास्त होता, त्या गटात घसरण ४८ टक्क्यांनी कमी झाली. तेव्हा श्रवणयंत्र म्हणजे विम्याची पॉलिसी असं मी म्हणणार नाही. पण ऐकू यायला लागणं हाच केवढा मोठा फायदा आहे.

यंत्र घेतलंत तर पहिल्या पंधरा दिवसांत ते ड्रॉवरमध्ये टाकू नका. दादांनी टाकलं होतं. वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी त्यांना कापड फाडल्यासारखा आवाज यायचा, स्वतःचा आवाज पिंपातून आल्यासारखा वाटायचा. बरीच वर्षं न मिळालेले आवाज एकदम आले की मेंदूला ते नको होतात. सुरुवात शांत खोलीत, एकाच माणसाशी, तासभर. मग वेळ वाढवायची. दोन-तीन वेळा जाऊन सेटिंग बदलून घ्यावं लागतं, त्याचा कंटाळा करू नका. आणि तपासणीत आधी कानात मळ साठलाय का ते बघायला सांगा. कधी कधी तेवढ्यावरच काम भागतं.

सुडोकूबद्दल. 'ॲक्टिव्ह' नावाच्या मोठ्या चाचणीत २,८३२ ज्येष्ठ होते, त्यांच्या तीन गटांना वेगवेगळं बौद्धिक प्रशिक्षण दिलं होतं, चौथ्याला काहीच नाही. २००२ साली जे निष्कर्ष आले त्यात असं दिसलं की ज्याचा सराव केला त्यात लोक सुधारले, पण ती सुधारणा दुसऱ्या कौशल्यांत फारशी उतरली नाही. सुडोकूने सुडोकू सुधारतं. आनंद मिळत असेल तर जरूर सोडवा, पण तासातला अर्धा तास काढून घ्या आणि तो अशा कामाला द्या जे तुम्हाला अजून धड येत नाही, आणि जे दुसऱ्या माणसाबरोबर करायचं आहे. मी ६६ व्या वर्षी एक नवी भाषा शिकायला लागले. आठवड्यातून दोनदा वर्ग, आम्ही चौघं आणि शिक्षिका. वाक्य जुळवायचं, समोरच्याचं ऐकायचं, चुकायचं, पुन्हा बोलायचं. घरी परतते तेव्हा डोकं दमलेलं असतं, पायी खूप चालल्यावर पाय दमतात तसं. कोड्यांनी मला असं कधी झालं नव्हतं.

पायांवरून आठवलं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२० ज्येष्ठांचे दोन गट केले होते. एक गट आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं चालायचा, दुसरा नुसते ताणाचे व्यायाम करायचा. वर्षाने स्मृतीशी निगडित असलेला मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग चालणाऱ्यांत सुमारे २ टक्के वाढला होता, दुसऱ्या गटात तो थोडा आक्रसला होता. या वयात मेंदूचा भाग वाढतो, हे वाचून मी त्याच आठवड्यात बूट आणले. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते आणि ६५ नंतर तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही. वेग इतका ठेवा की बोलता येईल पण गाता येणार नाही. तोलाचा भाग टाळू नका. पडून डोक्याला मार लागणं हेही स्मृतिभ्रंशाचं एक कारण आहे.

बीपी किती असतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के, पण उर्जा खातो २० टक्के, आणि ती पोहोचवणाऱ्या रक्तवाहिन्या फार बारीक असतात. २०१९ साली आलेल्या 'स्प्रिंट माइंड' चाचणीत वरचा आकडा १४० च्या ऐवजी १२० च्या खाली आणण्याचा प्रयत्न केलेल्या लोकांत स्मृतिभ्रंशाच्या आधीची सौम्य अवस्था १९ टक्क्यांनी कमी दिसली. खुद्द स्मृतिभ्रंशातली घट मात्र ठामपणे सांगण्याइतकी नव्हती. म्हणून मनाने डोस वाढवू नका, उठल्यावर चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो. तुमचा आकडा किती असावा हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. साखर, कोलेस्ट्रॉल, तंबाखू, दारू, नजर, हे सगळं त्याच माळेतलं. लॅन्सेट आयोगाने २०२४ मध्ये अशी टाळता येण्याजोगी १४ कारणं मोजली आणि ती सगळी दूर केली तर जगातले जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतील असा अंदाज दिला. कमी ऐकू येणं आणि एकटेपणा, दोन्ही त्या यादीत आहेत.

स्मरणशक्तीच्या गोळ्या घेऊ नका. त्यासाठी विकला जाणारा जिंकगो या झाडाच्या पानांचा अर्क ७५ च्या पुढच्या तीन हजारांवर लोकांना सुमारे सहा वर्षं देऊन पाहिला होता, २००८ मध्ये निकाल आला, स्मृतिभ्रंश कमी झाला नाही. त्याऐवजी बी-१२ आणि थायरॉइड तपासा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा वर्षानुवर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या चालू असतील तर बी-१२ कमी असण्याची शक्यता वाढते, आणि ते भरून काढता येतं. उदासीनतेनेही माणूस विसराळू होतो. निवृत्तीनंतरची ती सहा वर्षं कशी गेली, याचा स्वतःशी प्रामाणिकपणे विचार करा.

आणि उलटी बाजू: काही गोळ्याच डोकं जड करतात. सर्दी-ॲलर्जीच्या जुन्या प्रकारच्या गोळ्या, झोपेसाठी घेतलेल्या तशाच गोळ्या, ॲमिट्रिप्टिलिन, लघवी आवरण्यासाठीचं ऑक्सिब्युटिनिन. स्मृतीला लागणारं ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन ही औषधं अडवतात. यातलं काही घेत असाल तर आपल्या मनाने बंद करू नका, पण पर्याय आहे का हे डॉक्टरांना विचारा. रात्री जोरात घोरता का, मधेच श्वास अडकतो का, हे घरच्यांकडून समजून घ्या आणि तेही सांगा.

एक गोष्ट मात्र उशीर न करण्याची. कुणाच्याही बाबतीत गोंधळ दोन-तीन दिवसांत अचानक वाढला, तर 'वय झालं' म्हणून बसू नका. लघवीचा संसर्ग, सोडियम कमी होणं, काही आठवड्यांपूर्वी पडल्यामुळे डोक्यात साचलेलं रक्त, यांनी असं होतं आणि त्यावर ताबडतोब उपचार लागतात.

डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या, दुकानातून आपल्या मनाने आणलेल्यासुद्धा. आठवडाभराचे बीपीचे आकडे लिहून न्या. रोज तुमच्यासोबत असणारं कुणीतरी बरोबर असू द्या, तुमच्या लक्षात न आलेलं ते सांगतील. आणि ऑडिओग्राम झाला की त्यावरची रेघ कुठून घसरतेय ते इथे लिहा. दादांचा कागद माझ्याकडे आहे, ताडून पाहता येईल.