सकाळच्या गोलात न बोलणारा मुलगा

तिसरीत शिकणाऱ्या एका मुलाची आई माझ्याकडे आली, ती त्याच्या पोटदुखीची तक्रार घेऊन. शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखे, रविवारी दुखत नसे आणि डॉक्टरांच्या तपासणीत काहीच निघाले नव्हते. "मॅडम, वर्गात रोज सकाळी मुलांना गोलात बसवून बोलायला लावतात. हा तोंडच उघडत नाही. मागे तर पडणार नाही ना?" असे तिने विचारले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

हा प्रश्न मला अनेक पालक विचारतात. मैदानावरच्या परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार सारे मिळून चालते, त्यामुळे लाजरे मूल रांगेत सामावून जाते. गोलात मात्र पाळी आली की सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे वळतात.

चित्रे काढता काढता मुलगा माझ्याशी मोकळा झाला. तो घरी भरपूर बोलत असे आणि वर्गात बाकावरच्या मित्राशीही बोलत असे, म्हणून निवडक मौनाची शंका मी बाजूला ठेवली. (घरी मोकळे बोलणारे मूल शाळेत महिन्याहून अधिक काळ बोलतच नसेल, आणि तो शाळेचा पहिलाच महिना नसेल, तर बालमानसोपचारतज्ज्ञांना जरूर दाखवावे.) त्याला अडवत होता तो "काल घरी काय केले?" हा रोजचा प्रश्न. वडील वेगळे राहू लागले होते. ते वर्गासमोर सांगायचे नव्हते आणि खोटे सांगावे तर शेजारी बसणाऱ्या मित्राला खरे ठाऊक होते.

आईच्या संमतीने मी वर्गशिक्षिकाबाईंना भेटले. प्रत्येकाला नावाने नमस्कार व्हावा, पण बोलावे ते आदल्या दिवशी स्वतःहून नाव दिलेल्या तीन-चार मुलांनीच, इतरांना "पुढे" म्हणण्याची मुभा असावी आणि त्याचे कारण कोणी विचारू नये, घरचे प्रश्न वगळून "कोणता खेळ दुसऱ्याला शिकवाल?" असे प्रश्न घ्यावेत, असे आम्ही ठरवले. बाईंना अभ्यासक्रमाचीही चिंता होती, आणि ती अनाठायी नव्हती. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन अपेक्षित आहे. रोजची 15 मिनिटे धरली तर 50 तास होतात. म्हणून हजेरी नमस्कारातच उरकायची आणि गोलात उपदेश करायचा नाही, असे ठरले. माझ्या मते निम्मा वेळ उपदेशातच जातो.

पोटदुखी हळूहळू कमी झाली. मुलगा अजून बहुतेक दिवशी "पुढे" म्हणतो. मात्र दुसऱ्यांना प्रश्न विचारू लागला आहे. आईला मी एकच काम दिले होते: घरी आल्या आल्या "आज बोललास का?" असे विचारायचे नाही. तिला ते फार जड गेले.