तुझा आवाज चढला की मला रविवार कळतो

प्रिय पोरी,

जय ख्रिस्त. तुझा मेसेज रात्री साडेअकराला आलेला, मी पहाटे वाचला. "मावशी, पोरं जरा मोठी होईपर्यंत मी आता चर्चला येणार नाही." एवढंच. फोन करणार होते, पण फोनवर तू रडली असतीस आणि मागून तिघांनी हाका मारल्या असत्या आणि माझं सगळं अर्धवट राहिलं असतं, म्हणून लिहितेय. दुपारी पोरं झोपली की वाच. एका दमात नाही झालं तर दोन दिवसांत वाच.

रविवारी काय झालं ते मी मागच्या बाकावरून बघितलं. चर्चमध्ये उपदेशाचा संदेश चालू असताना तू आलीस, धाकटी कडेवर, मोठीच्या एकाच पायात चप्पल, आणि मधल्याने मधल्या वाटेतच अंग टाकून दिलं. पुढच्या बाकांवरच्या तीन-चार माना वळल्या. तू तिघांना घेऊन बाहेर पडलीस ती परत आलीच नाहीस, मी बाहेर येईपर्यंत तुझी रिक्षा निघून गेली होती. त्या वळलेल्या मानांबद्दल मला तुला सांगायचंय, कारण एके काळी त्यातली पहिली मान माझी असायची.

तुला माहितीये आमची पाच मुलं. तेव्हा आम्ही इथेच नाशिकमध्ये सातपूरला राहायचो, ह्यांची एमआयडीसीत तीन शिफ्टची नोकरी, घरात सासूबाई, आणि शिकायला आलेला दिराचा मुलगा. नऊ माणसं, एक बाथरूम, नळाला पाणी सकाळी दीड तास. आणि तरी आम्ही साडेआठच्या भक्तीला सव्वाआठला हजर असायचो, डावीकडचा दुसरा बाक, पाचही पोरं उंचीप्रमाणे बसलेली, मुलींच्या वेण्या वर बांधलेल्या, मुलांचे शर्ट कडक इस्त्रीचे. पाळक साहेब एकदा म्हणाले की ह्या ताईंकडून शिका, पाच लेकरं आणि कधी उशीर नाही. ते वाक्य मी कितीतरी महिने जपून ठेवलं होतं गं. कोणी उशिरा आलं की मी मान वळवायचे. एक बाई होती, तिला तीन मुलं, दर रविवारी अर्पणाच्या, म्हणजे दानाच्या वेळेला यायची, पोरांचे केस पिंजारलेले. मी मनात म्हणायचे, हिचं घरात लक्षच नाही. महिला मंडळात एकदा बोलूनही दाखवलं, तिच्यासमोर नाही, पण बोलले.

आता पाम संडेची, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारची गोष्ट. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं झाली. त्या वर्षी पाम संडे आणि होळी एकाच दिवशी आली होती. मुलं झावळ्या घेऊन रांगेने आत येणार, पांढरे कपडे पाहिजेत, आणि मी आदल्या रात्री दोन फ्रॉकना लेस लावत एक वाजेपर्यंत जागी. हे नाईट करून सकाळी साडेसातला आले, डोळे लाल, तसेच त्यांना आंघोळीला ढकललं. मग नेहमीचं सुरू झालं. एकाचा मोजा नाही, एकीने दुधाचा कप फ्रॉकवर सांडला, सासूबाईंचा चष्मा सापडेना, आणि मी ओरडत होते. साधं ओरडणं नाही बरं का, स्वयंपाकघरापासून दारापर्यंत माझा आवाज एक क्षण थांबत नव्हता, दूध सांडणाऱ्या मुलीला एक चापटही दिली आणि वर म्हणाले देवाच्या घरी जायचंय कळत नाही का. हे स्कूटरवर दोघांना घेऊन निघाले, मी सासूबाई, पुतण्या आणि उरलेली मुलं घेऊन रिक्षात कोंबून बसले. मायको सर्कलपर्यंत मी सगळ्यांना सूचना देत होते, तिथून पुढे गप्प झाले कारण चर्च जवळ आलं की चेहरा नीट करावा लागतो.

आठ वीसला पोचलो. बाकावर बसले, पदर सारखा केला आणि मोजले. चार.

पाचांतला चौथा नव्हता. पाच वर्षांचा. ह्यांना वाटलं तो रिक्षात आहे, मला वाटलं तो स्कूटरवर पुढे उभा आहे. मी काय केलं ते आठवत नाही, सासूबाई सांगायच्या की मी झावळी हातात घेऊनच पळत सुटले. तशीच रिक्षा केली, अख्ख्या त्र्यंबक रोडवर मी फक्त प्रभू, प्रभू एवढंच म्हणत होते, दुसरा शब्दच येत नव्हता.

घराला आमचंच कुलूप. आणि शेजारच्या काकूंच्या ओट्यावर आमचा चौथा मांडी घालून बसलेला, हातात गुळाचा खडा. काकूंनी पुरणाला डाळ शिजत घातली होती. मी त्याला उचललं, रडायला लागले, काकू म्हणाल्या अगं बस, पाणी पी, एवढं काय झालं, तो तर दर रविवारी सकाळी इथेच असतो की. मला कळेना. त्या म्हणाल्या, "तुझा आवाज चढला की हा मागच्या दाराने येऊन बसतो माझ्याकडे, तू नाव घेऊन हाक मारलीस की जातो. आज तू हाकच मारली नाहीस." आणि मग हसून, अगदी मायेने, "मला तर कॅलेंडर बघावं लागत नाही, तुझा आवाज चढला की मला रविवार कळतो."

त्या बाईच्या मनात काहीही वाकडं नव्हतं. सहा वर्षं आमची भिंतीला भिंत. त्या सहा वर्षांत तिने माझ्याकडून माझ्या प्रभूविषयी काय ऐकलं? आठवड्यातून एक दिवस ह्या घरातली बाई पोरांवर किंचाळते आणि मग सगळे छान कपडे घालून कुठेतरी जातात, एवढंच. आणि मांडीवरचा हा, गुळाचे हात माझ्या साडीला पुसत विचारतो, "आई, चर्च झालं? मग आता नाही ना ओरडणार?"

मी आजवर पुष्कळ संदेश ऐकले असतील, पण गुडघे टेकवणारं वाक्य मला त्या ओट्यावर मिळालं.

त्याला तसाच घेऊन परत निघाले, घरातली चड्डी, शर्टावर गुळाचा डाग. पोचलो तेव्हा अर्पण चालू होतं. पुढे जायची हिंमत नव्हती म्हणून मागे उभी राहिले. तर ती उशिरा येणारी बाई सरकली, आपल्या पोराला मांडीवर घेतलं आणि मला जागा केली, माझ्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही, फक्त पर्समधून ग्लुकोजचं बिस्कीट काढून माझ्या मुलाच्या हातात दिलं. नंतर हळूहळू ओळख झाली तेव्हा कळलं की तिची सासू अंथरुणाला खिळलेली, तिचं सगळं उरकून, तिला भरवून मग ही निघायची. म्हणजे ती दर रविवारी माझ्यापेक्षा मोठं काम करून यायची आणि मी तिच्या पोरांचे केस बघत होते.

मागचा बाक मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. कोणी बाळाला पाजतंय, कोणी नाईट करून आलेला पेंगतोय, एक आजोबा दाराला टेकून उभे. लूकच्या अठराव्या अध्यायातला जकातदार दूर उभा राहतो आणि वर बघायलाही धजत नाही, आणि परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारा, आपण काय काय करतो ते देवाला सांगत असतो. मी ते लहानपणापासून पाठ म्हणत आलेले. आपण त्यातले कोण आहोत हा प्रश्न कधी पडला नव्हता.

आणि आपलं चर्च आहे ती जागा कुठली बघ, शरणपूर. नावातच शरण आहे. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी मिशनने ही वस्ती वसवली, गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलंसुद्धा इथे आणून शिकवली. त्यातलाच जेकब वेनराईट १८७४ साली, आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी डॉ. लिव्हिंग्स्टनच्या शवपेटीबरोबर इंग्लंडपर्यंत गेला. ती पोरं आली तेव्हा त्यांच्या अंगावर काय कपडे असतील? ह्या ठिकाणी माणसं कायम विस्कटलेलीच येत आली आहेत गं, आणि मी तिथे इस्त्री मिरवत होते.

आणखी एक. लूकच्याच दुसऱ्या अध्यायात मरीया आणि योसेफ यरुशलेमहून वल्हांडणाचा सण करून परत निघतात, दिवसभर चालतात, आणि मग लक्षात येतं की बारा वर्षांचा येशू सोबत नाही. दोघांना वाटत होतं तो बरोबरच्या लोकांत असेल. तीन दिवसांनी मंदिरात सापडला. सापडल्यावर मरीयेच्या तोंडून पहिलं काय निघतं? बाळा, तू आमच्याशी असं का केलंस. तिचा पहिला शब्दसुद्धा रागाचा, कारण आत भीती होती. मी ते त्या रात्री वाचलं आणि कितीतरी वेळ रडले.

मग उठले आणि चौथ्याला जवळ घेतलं, आणि मग दूध सांडलेल्या मुलीला, आणि दोघांची माफी मागितली. हे फार जड गेलं. आपल्याकडे आईने पोरांची माफी मागायची पद्धत नाही, सासूबाई म्हणाल्यासुद्धा की लाडावतील. नाही लाडावली. चौथा "बरं" म्हणाला आणि झोपला. मुलगी मात्र खूप वेळ माझा हात धरून होती.

पुढच्या रविवारी ईस्टर, आणि मी परत ओरडले. तुला खरं सांगितलं पाहिजे, एका दिवसात कोणी बदलत नाही. पण ह्यावेळी मध्येच थांबले, कारण भिंतीपलीकडे काकू आहेत हे आठवलं.

आता तुझ्यासाठी, जे मला उशिरा कळलं ते. रविवारची सकाळ शनिवारी संध्याकाळी सुरू होते. तिघांच्या चपला जोडीने दाराशी, अर्पणाची नाणी शनिवारीच ज्याच्या त्याच्या खिशात, कपडे धुतलेले असले की पुरे. पांढरं अजिबात नको. सकाळी पोहे-उपमा करत बसू नकोस, केळं आणि दूध, घरी आल्यावर जेवतीलच. निघताना कोणाकडे कोण ते मोठ्याने नावं घेऊन बोलायचं, "हा तुझ्याकडे, ही माझ्याकडे," आणि समोरच्याने हो म्हणायचं. आमच्याकडे पुढे हा नियमच झाला, अजून नातवंडांना घेऊन कुठे निघालो की हे तेच करतात.

नवऱ्याला सांग. तो मदत करत नाही म्हणून तू त्याच्यावर चिडतेस, पण मी तुझ्या घरी दोनदा सकाळी आलेय, तू त्याला काही करूही देत नाहीस, भांग तिरका पडला म्हणून परत विंचरतेस. तिरका राहू दे. आणि मोठीला दुसरी आई करू नकोस, ती सात वर्षांची आहे. माझ्या मोठीला मी तसं केलं, ती आजही माझ्या घरी आली की बसत नाही, आधी भांडी घासायला घेते, आणि ते बघून माझ्या पोटात तुटतं.

उशीर झाला तर उशिरा ये. मधल्याने अंग टाकलं तर टाकू दे, बाहेर कट्ट्यावर दहा मिनिटं बस त्याला घेऊन, झाडाखाली खेळू दे, मग परत आत ये. परत आत ये, हे महत्त्वाचं. पोरं मोठी होईपर्यंत थांबायचं म्हणतेस, पण मोठी झाल्यावर क्लास असतात, क्रिकेट असतं, तेव्हा ती म्हणतील आम्हाला सवयच नाही. आणि तुला स्वतःला तिथे यावंसं वाटतं ना? तुझ्या मेसेजमध्ये मला तेच दिसलं. नको असतं तर रात्री साडेअकराला कशाला लिहिलं असतंस.

लक्ष्मीबाई टिळक आपल्या जलालपूरच्या, इथून पाच-सहा मैलांवरच्या. त्यांच्या घरात पोटच्या लेकराबरोबर सांभाळलेली कितीतरी मुलं, आणि त्यांनी स्वतःच्या घरातले गोंधळ लपवले नाहीत, सगळे लिहून ठेवले. मी मात्र महिला मंडळात ही होळीची गोष्ट सांगायला वीस वर्षं लावली. सांगितली त्या दिवशी चार जणी नंतर जवळ येऊन म्हणाल्या, आमच्याकडे पण असंच असतं. वीस वर्षं आम्ही पाच जणी एकाच बाकावर बसून एकमेकींपासून लपवत होतो.

त्या वळलेल्या मानांपैकी एकीशी मी काल बोलले. तुझं नाव घेऊन नाही, माझी गोष्ट सांगितली. ती गप्प राहिली, मग म्हणाली त्या पोरीकडे कोणी मदतीला आहे का. म्हणजे माझ्यासारखीच आहे ती, वाईट नाही.

तर येत्या रविवारी मी सव्वासातला तुझ्याकडे येते. स्वयंपाकघरात जाणार नाही, तुझ्या डब्यांना हात लावणार नाही, फक्त धाकटीला घेऊन बसेन म्हणजे तुझी आंघोळ शांतपणे होईल. मधल्यासाठी बिस्किटाचा पुडा माझ्या पर्समध्ये असेल. शेवटून दुसरा बाक, भिंतीकडची बाजू, पंख्याखाली, तिथून बाहेरच्या दाराला चार पावलं लागतात. मी तिथे रुमाल टाकून ठेवायला सांगितलंय.

तुझी,
मावशी

मोठीची हरवलेली चप्पल मला बाकाखाली सापडलीये. घेऊन येते.