ब्राउन बंधूंच्या चोपड्या आणि आपल्या माळ्यावरची पेटी

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत प्रॉव्हिडन्स शहरात ब्राउन विद्यापीठात शिकतो. ज्या घराण्याचं नाव विद्यापीठाला आहे, त्यांच्या अडीचशे वर्षांपूर्वीच्या व्यापाराच्या वह्या तिथे जपून ठेवल्या आहेत आणि त्यांत गुलामांच्या खरेदीविक्रीचाही हिशेब आहे, असं तो सांगतो. घराण्याला कमीपणा आणणारे कागद कोणी कशाला ठेवेल? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : तुमचा मुलगा सांगतो ते खरं आहे. हे कागद त्या काळी ठेवले गेले ते पेढीसाठी. उधारी कोणाकडे, भागीदाराचा वाटा किती, कप्तानाला काय सांगून पाठवलं, याचा पुरावा हाताशी लागतो. आणि त्यात कमीपणा आहे असं लिहिणाऱ्याला तेव्हा वाटतच नव्हतं, म्हणून तर तो इतकं स्वच्छ लिहून गेला.

या घराण्यातला चॅड ब्राउन १६३८ मध्ये प्रॉव्हिडन्सला आला. त्याच्या वंशातले निकोलस, जोसेफ, जॉन आणि मोझेस हे चार भाऊ अठराव्या शतकात एकत्र पेढी चालवत होते. रम, लोखंड, व्हेलच्या डोक्यातल्या मेणाच्या मेणबत्त्या, असा त्यांचा पसारा. सप्टेंबर १७६४ मध्ये त्यांनी ‘सॅली’ नावाचं जहाज पश्चिम आफ्रिकेला धाडलं. कप्तान होता ईसेक हॉपकिन्स. पुढे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात पहिल्या आरमाराचा सरसेनापती झाला तोच हा. जहाजावर १७,२७४ गॅलन रम चढवली होती. शिवाय मेणबत्त्यांच्या पेट्या, कांद्याच्या जुड्या, आणि त्याच यादीत ४० हातकड्या, ४० बेड्या. कप्तानाला दिलेल्या सूचनापत्रात मालकांनी स्वतःच्या वापरासाठी पंधरा वर्षांच्या आसपासची चार मुलं आणायला सांगितलं होतं.

सॅलीची वही आता संगणकावर कोणालाही पाहता येते, आणि मी ती पाहिली आहे. माझी सगळी नोकरी जुन्या दप्तरांत गेली. सावकाराच्या, देवस्थानाच्या, सरदारांच्या वह्या मी चाळल्या आहेत. पण या वहीने मला बसल्या जागी थिजवलं. अमुक गॅलन रम देऊन एक बाई घेतली, अमुक देऊन एक मुलगा. किनाऱ्यावर माणसं गोळा करण्यात नऊ महिन्यांहून जास्त काळ गेला. एकूण १९६ माणसं विकत घेतली. मग नोंदी बदलतात : एक मुलगा मेला, एक मुलगी मेली, एका बाईने खालच्या मजल्यावर गळफास घेतला. जहाज किनारा सोडून आठवडाभर झाला असेल-नसेल, तेवढ्यात २८ ऑगस्ट १७६५ ची नोंद येते. गुलाम आमच्यावर उठले, गोळ्या झाडाव्या लागल्या, आठ ठार, कित्येक जखमी.

वेस्ट इंडीजमधल्या अँटिग्वा बेटावर पोचल्यावर हॉपकिन्सने मालकांना पत्र लिहिलं. उठाव मोडल्यावर या लोकांनी हाय खाल्ली, कोणी समुद्रात उडी घेतली, कोणी अन्न सोडलं, बाकीचे आजारी पडून मेले, असा त्याचा मजकूर आहे. १९६ पैकी निदान १०९ जण गेले. एकाचंही नाव वहीत नाही.

हे कागद आज जॉन कार्टर ब्राउन ग्रंथालयात आहेत. ग्रंथालय ज्याच्या नावाचं, तो जॉन कार्टर हा त्या चौघांपैकी निकोलसचा नातू. घराण्याने ग्रंथ जमवले आणि पेढीचे कागदही राखले. २००३ मध्ये विद्यापीठाच्या अध्यक्ष रूथ सिमन्स यांनी गुलामगिरीशी असलेल्या संस्थेच्या संबंधांचा शोध घ्यायला समिती नेमली. सिमन्स स्वतः गुलामांच्या वंशातल्या. २००६ मध्ये समितीचा अहवाल आला. त्यातलं सॅलीचं प्रकरण लिहिता आलं ते वही शाबूत होती म्हणून. मुलाला सांगा, युनिव्हर्सिटी हॉलच्या जवळ मार्टिन प्युरियर या शिल्पकाराने केलेलं गुलामगिरीचं स्मारक आहे, जमिनीत अर्धवट रुतलेला लोखंडी गोळा आणि तुटलेली साखळी. ते पाहून ये.

प्रश्न : या भावांपैकी एक गुलामगिरीच्या विरोधात गेला असं वाचलं. मग बाकीचे? त्यांची जमीनही होती का? – एक वाचक, पुणे

उत्तर : सॅलीच्या फेरीत पेढीला मोठा तोटा झाला. त्यानंतर तिघांनी हा धंदा सोडला, जॉनने सोडला नाही. धाकटा मोझेस पत्नीच्या मृत्यूनंतर गुलामगिरीला विरोध करणाऱ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाकडे वळला आणि १७७३ मध्ये त्याने आपल्याकडचे गुलाम मुक्त केले. १७८९ मध्ये गुलामांचा व्यापार बंद पाडण्यासाठी प्रॉव्हिडन्समध्ये संस्था निघाली, तिच्या उभारणीत मोझेस पुढे होता. तेव्हा मोझेस आणि जॉन या सख्ख्या भावांचं भांडण गावच्या वर्तमानपत्रात चाललं. पुढे गुलामांच्या व्यापाराला आळा घालणाऱ्या १७९४ च्या संघराज्याच्या कायद्याखाली १७९७ मध्ये जॉनवर खटला झाला आणि त्याचं ‘होप’ जहाज जप्त झालं.

मोझेसला मी मानते, पण त्याचीही बाजू पूर्ण कोरी नाही. १७९० मध्ये सॅम्युअल स्लेटर या इंग्लंडहून आलेल्या यंत्रांच्या जाणकाराला हाताशी धरून प्रॉव्हिडन्सजवळच्या पॉटकेट इथे यंत्रावर सूत काढण्याचा उद्योग उभा राहिला, त्याला पैसा मोझेस आणि त्याचा जावई विल्यम आल्मी यांचा. त्या गिरण्यांची भूक वाढली तसा दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला कापूस तिथे येत गेला. एकाच माणसाची दोन्ही कामं कागदांत दिसतात, आणि मला वाटतं दोन्ही वाचावीत.

जमिनीचं म्हणाल तर जॉनच्या वाट्याला १७९८ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरॉन्डॅक डोंगरात २,१०,००० एकर आले, तेही जावयाच्या फसलेल्या व्यवहारापायी. त्याने तिथे रस्ता आणि गिरणी काढून वसाहत करायचं ठरवलं. जमिनीचे भाग पाडून त्यांना उद्योग, काटकसर, संयम अशा अर्थाची नावं दिली. गुलामांचं जहाज जप्त होऊन फार काळ लोटला नव्हता. माती हलकी, हिवाळा कडक, त्यामुळे वसाहत काही रुजली नाही.

प्रश्न : त्यांचा हिंदुस्थानाशी काही व्यापार होता का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : होता. जॉन ब्राउन आणि त्याच्या जावयाच्या पेढीचं ‘जनरल वॉशिंग्टन’ हे जहाज डिसेंबर १७८७ मध्ये निघालं, मद्रास आणि पाँडिचेरी करून चीनमधल्या कँटनला गेलं आणि १७८९ मध्ये चहा, रेशीम, चिनी मातीची भांडी घेऊन परतलं. या फेरीत मुंबई नव्हती.

प्रश्न : ताई, आमच्या देवगडच्या घरी माळ्यावर पणजोबांच्या सावकारीची पेटी सापडली. मोडीतल्या चोपड्या आणि गहाणखतं आहेत. कुळांची नावं, बुडालेल्या जमिनी, वेठीचे दिवस, सगळं त्यात आहे. आमचे काका म्हणतात, ती पानं फाडून जाळा आणि बाकीचं संग्रहालयाला द्या. तुमचं मत? – एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : एकही पान फाडू नका. काकांची तळमळ मला कळते, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला पूर्वजांचं नाव जपावंसं वाटणारच. त्यांच्याजवळ बसून एकच गोष्ट सांगा : सॅलीच्या वहीत मेलेल्यांची नावं नाहीत, तुमच्या चोपडीत कुळांची नावं आहेत. त्या घरांतल्या आजच्या नातवंडांकडे पणजोबांची एवढीसुद्धा खूण नसेल. आपल्या माणसाने अमुक साली किती भात घातलं, कोणता मळा गहाण टाकला, हे त्यांना फक्त तुमच्या पेटीतून कळू शकतं. विचारत आलं कोणी, तर दाखवा.

आता कामाचं. चोपड्या ज्या क्रमाने पेटीत आहेत त्या क्रमाने आधी फोटो काढा, मग हात लावा. कोणती वही कशाखाली होती यावरूनही पुष्कळ कळतं. गंजलेल्या टाचण्या हळूच काढा. चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर अजिबात नको. त्याने कागद कायमचा जातो. उन्हात वाळत घालू नका, सावलीत वारा द्या. चिकटलेली पानं नखाने सोडवू नका, ते काम जाणकारावर सोपवा. स्वच्छ धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडाच्या बासनात बांधून कोरड्या जागी ठेवा. कोकणातल्या पावसात माळा ही त्यांची जागा नव्हे.

मोडी वाचून घ्यायला पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा राज्य पुराभिलेखागाराचं कोल्हापूर कार्यालय, दोन्हीकडे विचारा. मूळ कागद देण्याआधी काय देता आहात त्याची यादी करा, तिची पोच घ्या, आणि दान सगळ्या पेटीचं असेल, निवडक पानांचं नाही, हे यादीच्या वरच लिहा. काकांची सहीही त्याच यादीवर घ्या.