ज्यू धर्मात सत्कर्माचं फळ मिळतं का?

तुमचा प्रश्न असा आहे, की चांगल्या कामाचं फळ मिळतं असं ज्यू धर्म मानतो का, आणि मानत असेल तर भल्या माणसांच्या वाट्याला दुःख का येतं. मी ठाण्याचा बेने इस्राएली, म्हणजे महाराष्ट्रातल्या मराठीभाषक ज्यू समाजातला. आमच्या घरातही हा प्रश्न निघतो, म्हणून मनापासून लिहितोय.

फळ मिळतं, यावर आमच्या ग्रंथांत दुमत नाही. आईवडिलांचा मान राखणं, अडल्यानडल्याला मदत करणं, भांडणाऱ्यांत समेट घडवणं, या कामांचं व्याज माणूस इथे खातो आणि मुद्दल पुढच्या जगासाठी शाबूत राहतं, असं मिश्ना, म्हणजे तोंडी परंपरेतल्या नियमांचा आमचा प्राचीन संग्रह, सांगते. तोराचा, म्हणजे आमच्या मूळ धर्मग्रंथाचा, अभ्यास या सगळ्यांच्या तोडीचा. सकाळच्या प्रार्थनेतही हे येतं.

खरी अडचण तालमूदमध्ये, म्हणजे मिश्नावर धर्मगुरूंनी केलेल्या चर्चांच्या ग्रंथात, समोर येते. तोरात काही आज्ञांसोबत दीर्घायुष्याचं वचन आहे. त्यांतल्या या दोन: आईवडिलांचा मान राखा, आणि घरट्यातली पिल्लं घ्यायची तर आधी पक्षिणीला उडवून लावा. एक बाप मुलाला म्हणतो, वर चढ आणि पिल्लं घेऊन ये. मुलगा चढतो, पक्षिणीला उडवतो, पिल्लं घेतो आणि उतरताना पडून मरतो. दोन्ही आज्ञा एकाच वेळी पाळत असताना! मग ते दीर्घायुष्य गेलं कुठे? रब्बी (धर्मगुरू) याकोव म्हणतात, ते वचन येणाऱ्या जगातलं आहे. सत्कर्माचा मोबदला या जगात मिळत नाही. एलिशा बेन अबूया या मोठ्या विद्वानाची श्रद्धा असंच काहीसं पाहून उडाली, असंही तिथे म्हटलंय, आणि हे रब्बी याकोव त्याच्याच मुलीचा मुलगा. चर्चा तिथे थांबत नाही. चांगल्या कामाला निघालेल्याला इजा होत नाही ना, मग तो पडला कसा? उत्तर येतं, शिडी मोडकळीला आली होती, आणि धोका समोर दिसत असताना चमत्काराच्या भरवशावर राहू नये. मला हे उत्तर फार मोलाचं वाटतं. त्यात मुलाला कोणी दोष देत नाही, त्याचं गेल्या जन्मीचं पाप शोधत नाही.

दानापेक्षा दयेचं काम तीन बाबतींत मोठं, असं तालमूद म्हणतो. दान पैशाने होतं, दया पैशाने आणि अंगमेहनतीनेही. दान गरिबाला, दया गरीब-श्रीमंत दोघांना. दान जिवंताला, दया मेलेल्यालाही. म्हणून मृताला आंघोळ घालणं, कफन चढवणं, माती देणं याला आमच्यात फार मान आहे. त्या माणसाकडून परतफेड व्हायची शक्यताच नसते.

मग फळाची आशा धरणं चूक का? सोखो गावचे प्राचीन ज्यू गुरू अँटिगोनस सांगून गेले, की बक्षिसासाठी मालकाची चाकरी करणाऱ्या नोकरांसारखे होऊ नका. पण तालमूदमध्येच असंही आहे: ‘माझा मुलगा जगावा म्हणून हे नाणं दान देतो’ असं म्हणणारा माणूस पूर्ण नीतिमान आहे. तालमूदच्या भाष्यकारांनी एकच अट घातली: मागितलेलं मिळालं नाही तरी दिल्याचा पस्तावा होता कामा नये.